मध कपाने नाही, काट्यावर: संक्रांतीपासूनच्या वापराचा अनुभव

संक्रांतीच्या सुमारास स्वयंपाकघरासाठी डिजिटल वजनकाटा घेतला. ५ किलोपर्यंत मोजणारा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा, सेलवर चालणारा. आता श्रावण लागलाय. मी भुसावळात घरून केकच्या ऑर्डरी घेते. रावेरची केळी हाताशी, त्यामुळे मध घातलेला केळीचा केक सगळ्यात जास्त खपतो. म्हणून हा अनुभव मुख्यतः मध मोजण्याचा आहे.

मध पाण्यापेक्षा बराच जड, १ मिली म्हणजे साधारण १.४२ ग्रॅम. ५०० ग्रॅमच्या बाटलीत जेमतेम ३५० मिली मध असतो. उलट सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारा सुटा मध लिटरच्या बाटलीत मिळतो, आणि बाटली गळ्यापर्यंत भरली असेल तर आत १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास माल असतो. भाव लिटरचा की किलोचा, हे आधी विचारून घ्या.

रानातला आग्या मोहोळाचा मध जरा पातळ असतो, त्यात पाणी जास्त. पण एका कपामागे त्याने फरक पडतो तो ५-१० ग्रॅमचा. खरा घोळ कपाचाच. २४० मिलीच्या कपात ३४० ग्रॅम मध बसतो, २५० मिलीच्या कपात ३५५, आणि राइस कुकरसोबत येणारा कप १८० मिलीचा, त्यात २५५. रेसिपीत नुसतं 'एक कप' लिहिलं की सरळ १०० ग्रॅमची तफावत! आपला रिकामा कप काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि मग कप पाण्याने भरून बघा. जितके ग्रॅम, तितके मिली, त्याला १.४२ ने गुणलं की त्या कपातला मध कळतो. मोठा चमचा (१५ मिली) २१ ग्रॅम, छोटा (५ मिली) ७ ग्रॅम, हे माझ्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे.

या काट्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उलटं मोजणं. मधाची बरणीच काट्यावर ठेवायची, शून्याचं बटण दाबायचं आणि चमच्याने मध काढून भांड्यात घालत राहायचं. चमचा बरणीतच ठेवून वाचायचं असेल, तर शून्य करतानाही तो आतच हवा. आकडा उणे ८५ झाला की ८५ ग्रॅम मध पिठात पडला. कपाला आतून चिकटून राहणारा मध निपटत बसायला नको. थंडीत मध रवाळ होतो, तेव्हा कपात मधे पोकळ्या राहतात. आमच्या मे महिन्यात तोच पाण्यासारखा वाहतो. काट्याला दोन्ही सारखेच.

साखरेऐवजी मध घालणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते. 'पाऊण पट मध' हा हिशेब कपाचा आहे. एक कप साखर २०० ग्रॅम, तर पाऊण कप मध २५५ ग्रॅम. वजनाने मध जास्तच लागतो, कारण त्यात पाचवा हिस्सा जवळपास पाणीच असतं. २०० च्या पाऊणपट म्हणून १५० ग्रॅम घातला तर केक फिका लागेल. दूध मात्र थोडं कमी करा, आणि ओव्हनही १५ अंशांनी कमी ठेवा, मधाने वरचा थर लवकर लाल होतो.

तक्रारी आहेत. मध सावकाश ओतताना काटा मध्येच स्वतःहून बंद होतो आणि मोजलेलं पुसलं जातं. पंखा जोरात असला की आकडा नाचतो, म्हणजे उन्हाळ्यात दर वेळी पंखा बंद करायचा. मोठं पातेलं ठेवलं की आकडे त्याखाली झाकले जातात. २-३ ग्रॅम सोडा यावर मोजू नका, त्याला चमचाच बरा.

तरी पुन्हा घ्यायची वेळ आली तर वजनकाटाच घेईन, फक्त उशिरा बंद होणारा आणि आकड्यांची पट्टी पुढे आलेली असेल असा. पोळीवर चमचाभर मध घेण्यापुरताच घरात वापर असेल, तर हा खर्च करू नका.