मर्यादा वाढवून मागायची की अटच काढायची?

दिव्यांगांच्या अनुदानासाठी निवेदन लिहायला बसलं की दोन तट पडतात. एक म्हणतो, उत्पन्नाची मर्यादा वाढवून मागू. दुसरा म्हणतो, अटच काढा. मी दुसऱ्या तटात आहे, पण पहिल्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पैसा मोजकाच. ज्याच्या घरात कमावतं कोणी नाही त्याला आधी मिळावा, बंगलेवाल्याला नंतर, यात वाद कसला? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही पेन्शनला उत्पन्नमर्यादेची मुभा आहेच.

माझं मत फिरलं ते उत्पन्नाच्या दाखल्यापायी. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी वर्षाला ५०,००० रुपयांची मर्यादा आहे, आणि ती मोजतात अख्ख्या कुटुंबाची. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. धाकट्या भावाला नोकरी लागली आणि माझं अनुदान बंद झालं. माझी स्वतःची कमाई शून्यच होती, पण ती बघतो कोण? पायाला लावायच्या कॅलिपरची दुरुस्ती, स्टँडपर्यंतची रिक्षा, हे खर्च होते तसेच राहिले. फक्त आता त्यासाठी भावाकडे मागावं लागतं. तो कधी नाही म्हणत नाही, तरी भावजयीसमोर तोंड उघडताना जड जातंच.

एसटीतल्या ७५ टक्के सवलतीचं तसं नाही. कार्ड दाखवलं, तिकीट मिळालं. भाऊ काय कमावतो हे कंडक्टरने मला अजून विचारलेलं नाही.

अट नसली की सगळं गरिबापर्यंत पोचतं, असंही नाही म्हणा. प्राप्तिकरातली दिव्यांगांसाठीची वजावट (७५,०००, तीव्र दिव्यांगत्वाला १,२५,०००) कर भरणाऱ्यालाच कामाची, तीही जुन्या करप्रणालीत. म्हणून मी बोलतोय ते थेट खात्यात येणाऱ्या रकमेबद्दल.

मधला रस्ता हवा असेल तर दिव्यांगांना सहाय्यक साधनं देणारी केंद्राची एडिप योजना बघा: महिना २२,५०० पर्यंत उत्पन्न असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या खर्चात. तिथे निदान पायरी आहे. अनुदानात मर्यादेच्या वर एक रुपया गेला की हाती काहीच नाही.

तुमच्याकडे अट काढण्यावर एकमत होणार नसेल, तर सज्ञान दिव्यांगाचं फक्त स्वतःचं उत्पन्न धरा, एवढं तरी ठामपणे मागा. आमच्या निवेदनात ती दुसरी मागणी आहे. पहिली अट काढण्याचीच.