पीएएच टेस्टिंगमध्ये लॅबने फसवलं, रिपोर्टवर नका जाऊ, रॉ डेटा मागा

नदीतल्या गाळाचे सॅम्पल एका प्रायव्हेट लॅबला पीएएच (इंधन, लाकूड वगैरे अर्धवट जळताना तयार होणारी रसायनं, त्यातली काही कॅन्सर करणारी) मोजायला दिले होते आणि त्यांनी चक्क फसवलं, सविस्तर लिहितोय कारण नुसता रिपोर्ट बघून हे कोणाच्या लक्षात येणार नाही.

रिपोर्ट एकदम देखणा, १६ च्या १६ पीएएच, सही-शिक्का सगळं. मेथड सॉक्सलेट, म्हणजे सॉल्व्हेंट १६ ते २४ तास गाळातून फिरत राहायला पाहिजे. मला खटकली ती सरोगेटची रिकव्हरी. सरोगेट म्हणजे ड्यूटेरियमवाले (जड हायड्रोजनवाले, म्हणून वेगळे ओळखू येणारे) पीएएच, ते एक्स्ट्रॅक्शनच्या आधी सॅम्पलमध्ये मोजून टाकतात आणि शेवटी किती हाताला लागले बघतात, मधे किती माल गळाला ते त्यावरनं कळतं. आता त्यातलं नॅप्थलीन-डी८ इतकं उडणारं की नायट्रोजनखाली सॉल्व्हेंट आटवताना जरा जास्त आटलं तरी जातं. यांच्याकडे प्रत्येक सॅम्पलला ९९, १००, ९९ टक्के. खऱ्या गाळात असं होत नाही हो!

मग रॉ डेटा मागितला, खूप टाळाटाळ करून दिला. सॅम्पल सकाळी पोचलं आणि त्याच दुपारी जीसी-एमएसला (पीएएच वेगळे करून मोजणारं मशीन) इंजेक्ट झालेलं, मग १६ तास आले कुठनं? गंधक काढायला कॉपर वापरलं असं लिहिलेलं आणि क्रोमॅटोग्राममध्ये (मशीनने काढलेल्या आलेखात) गंधकाचा भला मोठा पीक तसाच उभा. शेवटी त्यांच्याच माणसाने सांगितलं, गाळ सॉल्व्हेंटमध्ये थोडा वेळ हलवला, वरचं घेतलं आणि सरोगेट सगळ्यात शेवटी, मशीनला लावायच्या व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) टाकलं. म्हणजे त्या ९९ ला काही अर्थच नाही.

याचा राग जास्त येतो कारण काजळीला घट्ट चिकटलेलं बेन्झो-ए-पायरीन (या १६ पैकीच एक, कॅन्सर करणारं) असं हलवून पूर्ण सुटत नाही, आकडा कमी येतो, आणि तो कमी आकडा बघून कोणीतरी तोच गाळ शेतात पसरणार.

सॅम्पल द्यायच्या आधीच लेखी घ्या की एक्स्ट्रॅक्शनच्या वहीची पानं, ब्लँक (सॅम्पलशिवाय केलेली टेस्ट), मॅट्रिक्स स्पाइक (गाळात मोजून पीएएच टाकून केलेली टेस्ट) आणि क्रोमॅटोग्राम इंजेक्शनच्या वेळेसकट मिळतील. एकच सॅम्पल दोन वेगळ्या नंबरांनी पाठवा, लॅबला सांगू नका. थोडा गाळ काचेच्या बाटलीत फ्रीझरला ठेवा. आमचा उरलेला ४ अंशावर लॅबकडेच होता आणि एक्स्ट्रॅक्शन करायची १४ दिवसांची मुदत या भांडणातच संपली, त्यामुळे आता सगळं सॅम्पलिंग परत. पैसे मागितले तर उत्तर एकच, रिपोर्ट दिलाय ना.