सनरूफ गळत होतं, पारोळा रोडच्या नानांनी थांबवलं

धुळ्यात सनरूफवाल्या, म्हणजे छताला सरकती काच असलेल्या, गाड्या आता गल्लोगल्ली दिसतात. पण ते गळायला लागलं की गाडी कुणाकडे न्यायची, हे विचारून बघा, दहा जण दहा गोष्टी सांगतील. मला कळायला दोन पावसाळे गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी देवपूरला राहते, शाळा शिंदखेडा तालुक्यात. रोजचं जाणं-येणं गाडीनेच. पहिल्या पावसाळ्यात नुसता कुबट वास यायचा. वाटलं, मॅट ओली राहिली असेल. मग छताच्या कापडावर चहा सांडल्यासारखा पिवळट डाग उमटला. एका कार डेकोरवाल्याने काचेच्या कडेने सगळीकडे सिलिकॉन भरून दिलं आणि म्हणाला, आता थेंब येणार नाही. तो पावसाळा संपतच आला होता, त्यामुळे खरं-खोटं कळलं नाही. काच मात्र तेव्हापासून उघडेना.

मागच्या जुलैत सोनगीरच्या टोलनाक्यावर ब्रेक दाबला आणि आरशाजवळच्या दिव्यातून गार पाण्याची धार थेट मनगटावर आली. बाहेर पाऊस नव्हता, रात्री पडून गेला होता. शाळेत पोचून डाव्या सीटपुढची पिशवी उचलली तर खालून ठिबकतेय. आत सातवीच्या घटक चाचणीचे ३८ पेपर. निळी शाई पानभर फुटलेली. त्या पोरांनी खाली मान घालून लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, फार वाईट वाटलं. वर्गात दोरी बांधून एकेक पेपर वाळत घातला.

गाडीच्या सर्व्हिस सेंटरने तपासून सांगितलं, फ्रेमसकट सगळं सनरूफ बदलावं लागेल, ४२,००० रुपये. काय बिघडलंय विचारलं तर 'लीकेज आहे मॅडम' एवढंच. ते तर मलाही दिसत होतं.

शाळेतल्या एका सरांनी नानांचं नाव सुचवलं. पारोळा रोडला टायरच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे. पाटी नाही. पत्र्याची शेड, पुढे कडुनिंब, आणि भिंतीला टेकवलेलं जुन्या व्हॅनचं एक दार, हीच खूण. नाना साठीच्या पुढचे असतील, हाताखाली एक पोरगा.

त्यांनी काचेकडे बघितलंही नाही. पहिला प्रश्न, "ताई, घरी गाडी कथा तोंड करीसन उभी ऱ्हास?" मी म्हटलं, फाटकाकडे तोंड, रस्त्याकडे उतार आहे, आणि अंगणातला कडुनिंब बरोबर गाडीच्या डोक्यावर. डावी बाजू जरा खाली असते का, हेही विचारलं. असते, तिथली फरशी बसलीय. ते म्हणाले, मग पाणी पुढच्या डाव्या कोपऱ्यातच साचतंय. गाडी उघडायच्या आधी एवढं सांगणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला.

मग त्यांनी मला स्टुलावर उभं करून दाखवलं. आधी डेकोरवाल्याचं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढलं, त्यालाच अर्धा तास गेला. काच मागे सरकल्यावर खाली चारही बाजूंनी पन्हळ दिसली, कौलारू घराच्या वळचणीला असते तशी. काचेभोवतीचं रबर पाणी अडवतं, पण सगळं नाही. थोडं पाणी आत उतरणार हे धरूनच ही रचना केलेली असते. ते पन्हळीत पडतं, पन्हळीच्या चार कोपऱ्यांना चार नळ्या असतात. पुढच्या दोन नळ्या पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरून दाराच्या बिजागरीजवळ, मडगार्डच्या आत सुटतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून बंपरकडे. नाना म्हणाले, "पानी तं येसच ताई, त्याले जावाले वाट जोयजे." पाच वर्षं गाडी वापरतेय, पण छतात चार नळ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. गाडी घेताना काच उघडून आकाश दाखवतात, नळ्यांचं कुणी बोलत नाही.

तपासणीला लागली पाण्याची एक बाटली, झाकणाला खिळ्याने पाडलेलं भोक. एकेका कोपऱ्यात अगदी बारीक धार सोडायची आणि पोराने खाली वाकून बघायचं. मागच्या दोन्ही कोपऱ्यांचं पाणी लगेच जमिनीवर टपटपलं. उजव्या पुढच्याचं आलं, जरा दमाने. डाव्या पुढच्या कोपऱ्यात पाणी तसंच उभं राहिलं, त्यावर कडुनिंबाची एक काडी तरंगत होती. ब्रेक दाबल्यावर हेच साचलेलं पाणी पुढे उसळून दिव्याच्या भोकातून माझ्या हातावर आलं होतं. आणि उभ्या गाडीत पन्हळ भरून वाहिली की तेच खांबाच्या आतून उतरून पिशवीखाली.

पोरगा उत्साहात कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन आला. नाना त्याच्यावर चांगलेच ओरडले. वरून जोरात हवा मारली की तुंबलेली नळी आतल्या आत तोटीवरून निसटते, मग छताचं सगळं कापड उतरवल्याशिवाय ती परत बसवता येत नाही. जाड तारही घालायची नाही, नळीला भोक पडतं. त्यांनी काढली गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी. टोक लायटरवर धरून, बोटाने दाबून गोल केलं आणि वरून हळूहळू, फिरवत फिरवत सोडली. हातभर गेली आणि अडली. मग पुढचं चाक काढलं, मडगार्डचं आतलं प्लास्टिक सैल केलं. नळीच्या शेवटी रबराचं तोंड असतं, त्याला नुसती चीर. धूळ-किडे वर चढू नयेत म्हणून ते असतं, आणि गाळ अडतो तोही तिथेच. ते तोंड उपसल्याबरोबर आतून गाळ आला, शेवयाच्या सोऱ्यातून यावा तसा अखंड, काळाभोर, बोटभर लांब. माझ्या तळहातावर ठेवून नानांनी तो फोडून दाखवला. कपाशीच्या रानातली आपली काळी माती, आणि तिच्यात कडुनिंबाचा सुकलेला मोहोर. मागून दोन बाटल्या पाणी गेलं तेव्हा आधी काळं, मग गढूळ, मग स्वच्छ.

इथेच थांबले असते तरी मी खूश झाले असते. पण त्यांनी डावी सीट काढायला घेतली. वरून कार्पेट सुकलं दिसलं तरी खाली जाड फोम असतो, तो महिनोन् महिने पाणी धरून ठेवतो, वास त्याचाच. फोम पिळला तर अर्धी बादली पाणी निघालं. खाली वायरिंगचा एक प्लग होता, त्याच्या पिनांवर हिरवट गंज चढायला लागला होता. आणखी एक पावसाळा गेला असता तर खर्च कुठल्या कुठे गेला असता. प्लग साफ केला. कार्पेट आणि फोम दोन दिवस खाटेवर, ऊन असलं की उन्हात, नाहीतर पंख्याखाली.

रबराला त्यांनी सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावू नका म्हणाले, त्याने रबर फुगतं. शेवटी स्क्रू सैल करून काचेची उंची जुळवली, पुढची कड छतापेक्षा केसभर खाली, मागची केसभर वर. नख फिरवून मलाही बघायला लावलं.

सगळे मिळून १,६०० रुपये झाले. बिल छापील मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात. बसायला स्टुलाशिवाय काही नाही, आणि उद्या संध्याकाळी देतो म्हणालेली गाडी तिसऱ्या दिवशी मिळाली. ते दिवस मी एसटीने शाळेत गेले. फोन केला तर उचलत नाहीत, हात कामात असतात. तुम्हाला घाई असेल तर आधी समक्ष जाऊन दिवस ठरवून या. छतावरचा डाग गेला नाही, आणि तो जाणार नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. सिलिकॉन काढताना रबर एका कोपऱ्यात दोन बोटं फाटलंय. ते कधीतरी बदला, घाई नाही, असं म्हणाले. बदलायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं नाही, कंपनीचंच रबर मागवा म्हणाले. मला हा माणूस पटला तो यामुळेच.

निघताना त्यांनी एक काम लावून दिलं. कडुनिंबाचा मोहोर झडून गेला की, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर, पन्हळ ओल्या फडक्याने पुसायची आणि चारही कोपऱ्यांत थोडं थोडं पाणी सोडून बघायचं. यंदा आखाजीला माहेरी अमळनेरला होते, तिथून आल्यावरच्या रविवारी केलं. फडक्यावर मूठभर मोहोर निघाला. लेक खाली बसून सांगत होती, "आई, इकडचं आलं... इकडचंही आलं." डाव्या पुढच्या कोपऱ्याला मी जरा जास्तच पाणी घातलं. चाकामागे फरशीवर टपटप ऐकू आली तेव्हा कुठे बाटली खाली ठेवली.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री डाव्या सीटपुढे, कार्पेटखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. सकाळी काढलं तर करकरीत कोरडं.