लिबिया आणि उत्तर कोरिया: एकाने सोडलं, एकाने धरून ठेवलं

दोघांची गोष्ट २००३ चीच. जानेवारीत उत्तर कोरियाने एनपीटीतून, म्हणजे अण्वस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या करारातून, बाहेर पडतोय म्हणून जाहीर केलं, आणि डिसेंबरात लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी म्हणाला, घ्या बाबा, आमचा अणुकार्यक्रम बंद. पुढचं माहितीये, कोरियाची २००६ ला पहिली अणुचाचणी, २०१७ पर्यंत सहा झाल्या, किम घराणं अजून खुर्चीत. गद्दाफीला २०११ मध्ये बंडखोरांनी ड्रेनेजच्या पाइपातून ओढून काढलं नि संपवलं. म्हणून लोक म्हणतात, बघा, सोडलं की मेलात, आणि प्याँगयांगवालेही, म्हणजे उत्तर कोरियाचं सरकारही, हेच उदाहरण देतात.

पण मला ही तुलना जरा लंगडीच वाटते, कारण लिबियाकडे बॉम्ब होताच कुठे? पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खानच्या चोरट्या नेटवर्ककडून विकत घेतलेले सेंट्रिफ्यूजचे (युरेनियम समृद्ध करायच्या यंत्रांचे) पार्ट, बरेचसे खोक्यांतच पडून, आणि २००३ च्याच ऑक्टोबरात तर लिबियाकडे पार्ट घेऊन निघालेलं जहाजच पकडलं गेलं. कोरियाकडे योंगब्योन या अणुकेंद्रातली रिअ‍ॅक्टर, बॉम्बला लागणारं प्लुटोनियम घरचं, शिवाय दक्षिण कोरियाची राजधानी सोल तोफांच्या टप्प्यात, म्हणजे बॉम्ब नव्हता तेव्हाही त्यांना हात लावायची कोणाची टाप नव्हती. लिबियाचा महत्त्वाचा माल २००४ च्या जानेवारीत विमानात भरून सरळ अमेरिकेत टेनेसीला नेला. योंगब्योन काय असं विमानात बसतंय थोडंच.