घरी येऊन शांतपणे निरोप देणाऱ्या व्हेट मॅडम (बोरिवली)

आमची शेरी, म्हातारी लॅब्राडॉर कुत्री, दोन्ही किडन्या गेलेल्या, शेवटी उठताही येईना आणि क्लिनिकच्या दारातच थरथरायची, म्हणून मॅडमना घरीच बोलावलं. अजिबात घाई नाही, आधी तपासलं, आता उपाय उरला नाही हे आईला नीट समजावलं, मग संमतीच्या फॉर्मवर सही घेतली. पहिलं इंजेक्शन गुंगीचं, ते चढायला दहाएक मिनिटं लागतात, तेवढ्यात आईने तिला बोटाने श्रीखंड चाटवलं, एरवी कधीच देत नसे 😢 मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई लावून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, बघता बघता श्वास थांबला. डोळे उघडेच राहतात, नंतरही एखादा उसासा येऊ शकतो, लघवी होऊ शकते हे त्यांनी आधीच सांगितलं होतं ते फार बरं झालं, नाहीतर आई हादरली असती. स्टेथोस्कोप लावून खात्री केली आणि मगच "गेली" म्हणाल्या. फी क्लिनिकपेक्षा जास्त आहे पण मला एक रुपयाही जड वाटला नाही, शेरी तिच्या गादीवर गेली. फक्त दहनाचं आपल्यालाच बघावं लागतं, मालाडला बीएमसीची प्राण्यांसाठी गॅसवरची दाहिनी आहे, २०२३ मध्ये सुरू झालेली, आधी फोन करून जा.