फुकटचं स्मृतिचित्र आणि सरकलेली वेलांटी (सात महिन्यांनंतर)

गेमचं नाव लिहीत नाही, खेळणाऱ्यांना चित्रावरनंच कळेल. गेमला दहा वर्षं झाली म्हणून जुन्या खेळाडूंना गेममधल्या घरात टांगायला दिलेलं तेच. जुनी राजधानी आणि खाली दगडी पाटीवर आपल्या क्लॅनचं, म्हणजे खेळाडूंच्या गटाचं, नाव.

रंग नाद खुळा. तटावरचा संध्याकाळचा उजेड बघून रंकाळा आठवतो. विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, ते असू दे. माझं भांडण पाटीशी आहे.

आमच्या क्लॅनचं नाव 'शिवाजी पेठ'. पाटीवर 'श' बोडका आणि त्याची वेलांटी सरकून 'वा'ला चिकटलेली! महाराजांच्या नावात ही चूक कोल्हापुरातल्या एखाद्या फ्लेक्सवर झाली असती, तर दुपारच्या आत फ्लेक्स खाली आला असता.

युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकात अक्षरं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, आधी अक्षर साठवतात, मग वेलांटी. दाखवताना ती उचलून अक्षराच्या अलीकडं आणायचं काम प्रोग्रॅमचं. नाव टाइप करताना ते काम फोन करतो, म्हणून तिथं बरोबर दिसतं. पाटी गेम स्वतः रंगवतो, आणि त्याला ते जमत नाही. हे माझं मी शोधलं. गेमच्या सपोर्टनं चार वेळा कॅश (फोनवर साठलेला गेमचा तात्पुरता डेटा) साफ करायला लावली, पाचव्यांदा म्हणाले नाव इंग्रजीत करा. नाव बदलायला ५०० जेम, म्हणजे गेममधलं चलन! चूक तुमची आणि जेम माझे? त्याच रात्री रिव्ह्यूत चार ताऱ्यांचा एक केला.

ईव्ह ऑनलाइन या दुसऱ्या गेमवाल्यांनी २०१४ मध्ये आइसलंडमधल्या रेकयाविकच्या बंदरावर खेळाडूंची नावं असलेलं खरंखुरं स्मारक उभारलं. आम्ही दगड मागत नाही, वेलांटी मागतोय.

पाचव्या महिन्यातली भर: अपडेटनंतर वेलांटी जाग्यावर! तीन तारे केले, क्लॅनमध्ये पेढ्यांचे फोटो पडले.

पंधरा दिवसांनंतरची भर: पुढचा अपडेट आला, वेलांटी परत 'वा'वर. पेढ्याचे फोटो मागं घेता येत नाहीत.

शेवटी स्क्रीनशॉट घेऊन पापाच्या तिकटीजवळ फ्लेक्सवाल्याकडं गेलो. कातरून चित्र उरलं हजारेक पिक्सेलचं, म्हणजे तीन फुटांवर ताणलं तर इंचाला २८ ठिपके. "लांबनं बघायचं की," तो म्हणाला. पाटीचं रडगाणं सांगितलं तर हसला. त्याच्या जुन्या फॉन्टात वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. दोन मिनिटांत नाव नीट. तीन बाय तीन, चौरस फुटाला १५, झाले १३५. मी १२० दिले.

आता तो फ्लेक्स आमच्या खऱ्या घरात, हॉलमध्ये आहे. आई रोज विचारते, हा किल्ला कुठला. गेममधलं चित्र मी तिथल्या घराच्या मागल्या खोलीत, कपाटाआड टांगलंय. रंगांसाठी दोन तारे ठेवतो. तिसरा तक्रारीचं तिकीट बंद होईल त्या दिवशी.