सुका कचरा दारातून उचलणारी ‘स्वच्छ’ची सेवा: कोथरूडमधील अनुभव

घरोघरचा सुका कचरा वेगळा उचलण्यासाठी महापालिकेने नव्या गाड्या सुरू कराव्यात, अशी सूचना आमच्या भागात वरचेवर पुढे येते. आमच्या इमारतीत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची सेवा अनेक वर्षे आहे. ती जवळून पाहिल्यावर माझे स्पष्ट मत आहे की अशी व्यवस्था पुण्यात आहेच, महापालिकेने तिलाच बळ द्यावे.

१९९३ साली स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या संघटनेतून ‘स्वच्छ’ उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन तिचे दारोदार संकलन सुरू झाले. आमच्याकडे येणाऱ्या ताई ओला कचरा बादलीत आणि सुका पोत्यात घेतात आणि खाली पार्किंगच्या कडेला बसून पुठ्ठा, काच, पत्रा आणि प्लास्टिक निरनिराळे करतात. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा तोडू नका, तो पिशवीलाच राहू द्या, असे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले, कारण सुटा झालेला तो बारीक तुकडा पुढे कोणाच्याच हाती लागत नाही. आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्यालाही भंगारवाल्याकडे भाव मिळत नाही. ही नजर कचरा दाबून नेणाऱ्या गाडीला कुठून येणार?

या कामाचा मोबदला दोन वाटांनी येतो: घरटी मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री. सुका कचरा कंत्राटदाराच्या गाडीत गेला, तर दुसरी वाट बंद होईल आणि ओल्या कचऱ्याचे, डायपरचे काम तेवढे या बायकांच्या वाट्याला उरेल. हे मला अन्यायाचे वाटते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले होते.

सेवेत उणिवा आहेत, पण त्यांचे मूळ बहुतांशी आपल्या वागण्यात आणि जागेच्या टंचाईत आहे. ओले-सुके एकत्र बांधलेली पिशवी दाराबाहेर ठेवणारी घरे आजही आहेत, आणि ती पिशवी उघड्या हातांनी सोडवावी लागते. पावसाळ्यात वर्गीकरणाला छत नसेल, तर कागद भिजून वाया जातो. वेफर्स आणि बिस्किटांची चकचकीत वेष्टने भंगारात जवळजवळ कोणी घेत नाही, तरी ती वेगळी काढण्याचे श्रम पडतातच.

गाड्यांवर खर्च करण्यापूर्वी महापालिकेने प्रत्येक प्रभागात वर्गीकरणासाठी पत्र्याची शेड द्यावी, हातमोजे पुरवावेत, ढकलगाड्यांची दुरुस्ती वेळेवर करावी, आणि भाव नसलेल्या प्लास्टिकसाठी किलोमागे मोबदला ठरवावा. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या ग्रामस्थांनी शहराच्या कचऱ्याचे ढीग वर्षानुवर्षे सोसले आहेत, आणि आमच्या पार्किंगमध्ये वेगळे होणारे प्रत्येक पोते त्या ढिगात जाण्यापासून वाचते.